मॉरिसव्हिलच्या आठ गाई

३० जुलै २००५, शनिवार

शैलजाने बॅग भरायला घेतली आणि आमचं वाजलं. तीन किलो चिवडा, दोन डबे मेतकूट, बेसनाचे लाडू, लिंबाचं लोणचं. मी म्हटलं, "अगं, आपण केनियाला चाललोय, वनवासाला नाही."

"तिथे आपल्याला खाणारे आहेत," ती म्हणाली, "आपल्याला खायला काय आहे ते मला कुणी सांगितलेलं नाही."

मार्चमध्ये ग्रीन कार्ड आलं. त्याआधी इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, अकरा वर्षं व्हिसाच्या स्टॅम्पिंगच्या भीतीने भारताखेरीज कुठे पाऊल टाकलं नाही. सगळे नायगारा आणि डिस्ने करतात. मी ठरवलं, आफ्रिका! निर्णय संपूर्णपणे माझा. शैलजाने जानेवारीपासून सफारीचं ब्रोशर माझ्या चहाच्या कपाखाली ठेवलं होतं, तो निव्वळ योगायोग.

चैत्रालीचं म्हणणं वेगळंच. "बाबा, प्लीज डोंट बी एम्बॅरसिंग." चौदा वर्षांची झाल्यापासून ती मला एवढंच सांगते.

८ ऑगस्ट, सोमवार, मसाई मारा

सकाळी साडेसहाला मी सिंह पाहिला. सगळ्यांत आधी मी. जीपमध्ये उभा राहून सिनेमातल्या सैनिकासारखी दिशा सांगत ओरडलो, "लायन! टू ओ'क्लॉक!" आमचा मसाई गाईड कोइनेट, चोवीस-पंचवीस वर्षांचा सभ्य पोरगा, त्याने गुपचूप गाडी वळवली. मी भराभर फोटो काढले. सिंह अजिबात हलला नाही. केवढा आत्मविश्वास, असं मी म्हटलंसुद्धा.

वारूळ होतं.

"नाइस अँटहिल, बाबा," चैत्राली म्हणाली. नंतर खरा सिंह आला, त्याच्यामागे दोन सिंहिणी आल्या, त्या वेळी मी कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होतो. शैलजाने पाहिलं, चैत्रालीने पाहिलं. मी शेपटी पाहिली.

१० ऑगस्ट, बुधवार

आजपासून दोन दिवस कोइनेटच्या काकांकडे, मसाई वस्तीत मुक्काम. काट्यांचं कुंपण, मध्ये गुरं, कडेने शेणामातीच्या बुटक्या झोपड्या. त्या इथे बायका बांधतात. हे ऐकल्यावर शैलजाने माझ्याकडे पाहिलं. आमच्या गराजमधलं शेल्फ मी दोन वर्षं बांधतोय.

काकांचं नाव लेमायान. पंचावन्नच्या आसपास, ताडमाड उंच, अंगावर लाल चादर, मनगटावर भलंमोठं घड्याळ. इंग्लिश बोलतात, आणि खूप बोलतात. मुलांनी मोठ्यांपुढे डोकं झुकवायचं आणि मोठ्यांनी त्यावर हात ठेवायचा, ही त्यांची पद्धत. चैत्रालीला पुण्यात आजोबांना नमस्कार कर म्हटलं की पाठीत कळ येते. इथे तिने न सांगता डोकं पुढे केलं! हे मी लक्षात ठेवणार आहे.

मग ओळखी झाल्या. तुम्ही काय करता, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सॉफ्टवेअर टेस्टिंग. म्हणजे काय? म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढतो.

"आणि त्याचे तुम्हाला पैसे देतात?" ते थक्क झाले. "माझी बायको फुकट करते."

त्यांची बायको नाइसुला आणि शैलजा एकदमच हसल्या. एकमेकींची भाषा न येता!

पुढचा प्रश्न आला. "गाई किती?"

इथे हा प्रश्न आपल्याकडच्या 'कुठे असता?' सारखा आहे. सगळी वस्ती माझ्याकडे बघत होती. चैत्राली बघत होती. परवाचं वारूळ मनातून जात नव्हतं. माझा गाईशी आयुष्यात आलेला संबंध म्हणजे दुधाची पिशवी आणि नंतर गॅलनचा कॅन. पण तोंडातून निघून गेलं, "आठ."

"आठच?" लेमायान हळहळले. नव्वद गाईंचे धनी ते.

तेवढ्यात मागून एका वासराने माझा हात चाटला आणि मी किंचाळून शैलजाच्या मागे गेलो. सगळे खूप वेळ हसत होते. नाइसुला काहीतरी बोलली, मग पुन्हा सगळे हसले. कोइनेटने भाषांतर केलं नाही. माझा मोकळा स्वभाव आवडला असणार.

११ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी सुकवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यातलं आंबट दूध प्यायला दिलं. तुंबा आतून निखाऱ्याने धुरावतात. मी घोट घेतला आणि देवाचं नाव घेतलं. शैलजाने मात्र "अय्या, धुंगार दिलेलं ताक!" म्हणून मेतकूट भुरभुरलं आणि नाइसुलाला चाखायला दिलं. मेतकुटाचा एक डबा आता केनियात राहणार आहे.

आणि मग ते घडलं. लेमायान एक कालवड घेऊन आले. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. म्हणाले, "आठ गाईंवर माणसाचं भागत नाही. ही नववी. तुझी."

मला वाटलं फोटोसाठी. मी तिच्या शेजारी (सुरक्षित अंतरावर) उभा राहिलो. तेव्हा कोइनेटने समजावून सांगितलं की गाय दिली-घेतली की ती दोन माणसं एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. जन्मभर 'पकितेंग' म्हणतात. गाय त्यांच्या कळपातच राहील, पण माझी. आणि माझ्या गाई त्यांनाही परक्या नाहीत.

लेमायानने माझा हात हातात घेतला. "पकितेंग," तो म्हणाला. आता 'अहो' संपलं.

निघताना मी आपलं रीतीप्रमाणे म्हटलं, "या हं आमच्याकडे एकदा!" आपण सगळ्यांनाच म्हणतो. आजवर कुणी आलेलं नाही.

"येईन," तो म्हणाला. "तुझ्या गाई बघायला."

विमानतळावर चैत्राली म्हणाली, "बाबा, यू लाइड टु अ मसाई एल्डर." मी म्हटलं, मॉरिसव्हिल कुठे, मारा कुठे!

१२ फेब्रुवारी २००६, रविवार

देशी दुकानातून कॉलिंग कार्ड आणलं. दर महिन्याला एकदा फोन होतो. लेमायान डोंगरावर चढतो तेव्हा त्याच्या मोबाईलला रेंज येते. इंटरनेटवर वाचलं की तिकडे भयंकर दुष्काळ पडलाय. मी घाबरून विचारलं, "माझी कालवड?"

थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग म्हणाला, "मस्त आहे. जाड झालीय. सगळ्यांच्या पुढे चालते."

जीव भांड्यात पडला. "तुझ्या आठ कशा आहेत?" त्याने विचारलं. मी सांगितलं, इकडे गवत भरपूर.

शैलजा म्हणाली, "गुरुनाथ, तुला नाही का वाटत..." आणि थांबली. मग म्हणाली, "काही नाही. चहा घे."

२३ सप्टेंबर, शनिवार

मेलो!

कोइनेटची मेल आली. इकडच्या एका युनिव्हर्सिटीने लेमायानला दुष्काळावर बोलायला बोलावलंय. ऑक्टोबरमध्ये इथे जवळच रॅलेला येतोय. लेक्चरच्या आधी आणि नंतर मिळून चार दिवस 'माझ्या पकितेंगकडे' राहणार आहे, असं त्याने आयोजकांना परस्पर कळवलंय. शेवटी लिहिलंय, काका विचारतात, गोठा घरापासून किती लांब?

आमचं घर टाउनहाउस, ओळीतलं, भिंतीला भिंत लागून. मागे डेक, डेकवर ग्रिल. कम्युनिटीच्या नियमाप्रमाणे इथे कुत्रासुद्धा ठरावीक आकाराचाच चालतो.

मुलीने विचारलं, "व्हाय डोंट यू जस्ट टेल हिम?" बोलायला काय जातं हिचं. या गावात मला ऑफिसात 'क्यूए गाय', म्हणजे टेस्टिंगवाला, म्हणतात, मंडळात 'शैलजाचे मिस्टर' म्हणतात. घरी यायचं तर लोक दोन आठवडे आधी ईमेल करतात आणि सहा ते आठ बसून जातात. हा एकच माणूस आहे जो डोंगर चढून माझ्याशी फोनवर बोलतो, आणि कामाचं काही नसतं, नुसतं कसा आहेस विचारायला. त्याला कळलं की मी पहिल्याच दिवशी थापा मारल्या, तर तो मला पकितेंग कशाला म्हणेल? गुरुनाथ म्हणेल. नाहीतर काहीच म्हणणार नाही. ते मला सहन होणार नाही, हे मी फक्त इथे लिहितोय.

३० सप्टेंबर, शनिवार

मार्ग निघाला. पलीकडच्या काउंटीत वेड नावाचा शेतकरी आहे. ऑक्टोबरात त्याच्याकडे शाळेची पोरं भोपळे निवडायला जातात. त्याच्याकडे गाई आहेत. मी गाडी काढून गेलो आणि सरळ विषयाला हात घातला.

"यू वॉन्ट टु रेंट माय काउज?" टोपी मागे सारत तो म्हणाला.

"रेंट नाही, फक्त अर्धा तास त्या माझ्या आहेत असं म्हणायचं."

"यू गॉना मिल्क 'एम?"

"नो, नो!" मी म्हणालो, आणि दोन पावलं मागे सरलो.

 मग मी शैलजाची चकली पुढे केली. दुसरी चकली संपेपर्यंत तो तयार झाला.

शैलजाला सांगितलं तर ती रागावण्याऐवजी एकदम खूश! कॅलेंडर पाहून म्हणाली, "अठराला वसुबारस आहे. त्याच दिवशी जाऊ. अकरा वर्षं मी फ्रिजवरच्या मॅग्नेटच्या गाईला हळदकुंकू लावतेय."

१४ ऑक्टोबर, शनिवार

आला! आमच्या कल-द-सॅकमध्ये, म्हणजे बंद गल्लीत, लाल चादर आणि हातात काठी. शेजारच्या बाईंनी ब्लाइंड्सच्या पट्ट्या दोन बोटांनी वर केल्या. चैत्रालीने ड्राइव्हवेमध्येच डोकं झुकवलं, त्याने हात ठेवला. बाईंनी ब्लाइंड्स पूर्ण उघडले.

चहा करताना शैलजाने फ्रिजमधून दुधाचा कॅन काढला. लेमायानने तो हातात घेतला, फिरवून पाहिला. "हे आठांपैकी कुणाचं?"

मी म्हटलं, "त्यांचंच. आपल्या घरचं."

त्याने फॅटचं प्रमाण लिहिलेलं लेबल नीट वाचलं. "या गाईचं नाव टू पर्सेंट?"

"हो," मी म्हणालो.

"छान नाव आहे," तो गंभीरपणे म्हणाला. शैलजा ठसका लागून आत गेली. भोळा माणूस आहे बिचारा. फसवताना वाईट वाटतं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

आज त्याचं लेक्चर होतं. हॉल भरलेला. मी पहिल्या रांगेत, कोट घालून. शेजारच्याला मी सांगितलंही की हा माझा पकितेंग.

आधी त्याने लोकांना पुष्कळ हसवलं. मग एका मुलीने उभं राहून विचारलं, "दुष्काळात तुमचं काय गेलं?"

तो म्हणाला, "नव्वद गाई होत्या. अकरा राहिल्या. लहान जनावरं आधी गेली. त्या वर्षीची एकही कालवड वाचली नाही."

तो माझ्याकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता.

त्या वर्षीची म्हणजे माझी. पांढऱ्या ठिपक्याची. फेब्रुवारीत तो 'सगळ्यांच्या पुढे चालते' म्हणाला होता. म्हणजे स्वतःचं घर बसलेलं असताना हा माणूस काठी टेकत डोंगर चढला, आणि मला वाईट वाटू नये म्हणून मेलेली गाय जाड झाली म्हणून सांगत राहिला. मला हॉलमध्ये नाक शिंकरावं लागलं. शेजारच्याने टिश्यू दिला.

गाडीत तोच बोलत होता. कारच्या सीट गरम होतात हे त्याला फार आवडलंय.

ठरवलंय. त्याने हे माझ्यासाठी लपवलंय, तर मला कळलं असं मी कधीही दाखवणार नाही. शैलजाला सांगितलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मला मार्चपासून माहीत आहे. चैत्रालीला कोइनेटची मेल आली होती." मग दोघींनी मला का नाही सांगितलं? "तू रोज ऑफिसात तिचा फोटो दाखवत होतास," ती म्हणाली.

कोइनेट आणि चैत्राली एकमेकांना मेल करतात, हेही मला आजच कळतंय. कशाबद्दल करतात कोण जाणे. मी विचारलं तर ती म्हणाली, "स्टफ."

१८ ऑक्टोबर, बुधवार, वसुबारस

सकाळी चहा बिनदुधाचा. शैलजाने लेमायानला समजावलं, "आज आम्ही गाईचं दूध घेत नाही. आजचं दूध वासराचं."

त्याने कप खाली ठेवला. "चांगली रीत आहे," म्हणाला. "आम्हीही दुष्काळात तेच केलं."  मी पटकन बाजरीची भाकरी त्याच्यापुढे सरकवली.

वेडच्या शेतावर पोचलो. मी आदल्या दिवशी इंटरनेटवरून गाईंबद्दल पाच पानं वाचली होती. कुंपणाशी उभा राहून सहजपणे हात केला, "ह्या माझ्या."

"आठ," लेमायान म्हणाला. तिथे तीसएक होत्या.

"बाकीच्या वेडच्या. एकत्र चरतात."

वेड ट्रॅक्टरवरून उतरून आला आणि माझ्या कानाशी येऊन, म्हणजे त्याच्या मते कानाशी, गरजला, "विच ओन्स आर यॉर्स अगेन?"

 लेमायानच पुढे झाला. "सगळ्यांत चांगल्या आठ," त्याने काठीने दाखवत वेडला सांगितलं. "माझ्या पकितेंगला गाईंतलं कळतं." वेडने टोपी काढून डोकं खाजवलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. बरं झालं, लेमायानला वेडचा उच्चार समजला नव्हता.

शैलजाने काळीपांढरी एक गाय आणि तिचं वासरू निवडलं. पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं, गूळ-भाकरी भरवली. अकरा वर्षांचं साचलेलं होतं, नऊवारी नेसून आली होती. लेमायान तिच्या शेजारी उभा राहिला. त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि गाईच्या कपाळावर हलकेच थुंकला. हा त्यांचा आशीर्वाद. वेड थक्क होऊन म्हणाला, "वेल, आय'ल बी." आता तिच्या कपाळावर कुंकू होतं आणि दुष्काळ पाहिलेल्या माणसाची थुंकी होती. तिने शांतपणे रवंथ चालू ठेवलं.

मला राहवलं नाही. अंगात आल्यासारखं झालं. मी पुढे गेलो आणि त्या वासराच्या पाठीवर हात ठेवला. आयुष्यात प्रथम! ओलसर, गरम होती पाठ. म्हणालो, "पकितेंग, ही कालवड तुझी."

वेड काही बोलणार होता. चैत्रालीने चकलीचा डबा त्याच्यापुढे धरला.

लेमायान त्या वासराकडे बघत होता. डोळे पुसले त्याने, लाल चादरीच्या टोकाने. मग म्हणाला, "तुझ्याच कळपात राहू दे. जशी तुझी माझ्या कळपात आहे, तशी."

"हो," मी म्हणालो. "तशीच."

घरी येताना चैत्राली मागच्या सीटवर त्याच्या शेजारी बसून खुसखुसत होती. मध्येच माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाली, "गुड जॉब, बाबा." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी विचारलं, कशाबद्दल? "स्टफ," म्हणाली.

१५ एप्रिल २००७, रविवार

सकाळी फोन आला. "पकितेंग! पाऊस आला! इथे सगळं हिरवं झालंय!" पावसाचा आवाज ऐकवायला त्याने फोन बाहेर धरला. मला खरखरच ऐकू आली, पण मी म्हटलं, हो, हो, ऐकतोय.

मग म्हणाला, "आणि तुझी गाय व्यायली."

 ती गाय जिवंत नाही, हे मला माहीत आहे. डोळे भरून आले तरी विचारलं, "काय झालं?"

"कालवड. तांबडी. कपाळावर ठिपका, आईसारखा." मग त्याने विचारलं, "माझी कशी आहे?"

शैलजा चहा गाळता गाळता थांबली. जिन्यावरून चैत्राली कुजबुजली, "से ट्विन्स, बाबा. ट्विन्स."

"जुळी झाली," मी सांगितलं.

 मग तो असा हसायला लागला की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. त्याने ओरडून नाइसुलाला सांगितलं, ती हसली, आणखी कोणकोण हसलं. सगळी वस्ती माझ्यासाठी आनंदली होती.

मी फोन ठेवला. किती साधा माणूस आहे! कालवड गेल्याचं मला ठाऊक आहे, हे त्याला मी मरेपर्यंत कळू देणार नाही. आणि माझ्या आठ गाईंबद्दल तर त्याला कधी शंकासुद्धा यायची नाही, इतका त्याचा माझ्यावर विश्वास.

गाय व्यायली म्हणून शैलजाने दुपारी खरवस केला. चीक कुठला मिळायला, कंडेन्स्ड मिल्कचाच. वेलदोडा जास्त पडला होता. तिघांनी मिळून सगळा संपवला.